हंगामाच्या धावपळीत रहस्यशोधाचे व्हिडिओ गेम कसे खेळता?

कोरडवाहू | २७ जून, रात्री १०:४०

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे आणि गावातच माझे बी-बियाणे व खतांचे छोटे दुकान आहे. मृग लागला की दुकानात सकाळी सातपासून माणसांची रीघ लागते, आणि संध्याकाळी शटर ओढून घरी यावे तर स्वतःच्या शेतातील सरकीची टोबणी, खताचे डोस आणि मजुरीचा हिशेब उरलेलाच असतो. अशा दिवसांतही मला व्हिडिओ गेम खेळायची मनापासून आवड आहे. गोळीबाराचे किंवा शर्यतीचे खेळ मला रुचत नाहीत. ज्यांत गुन्ह्याचा माग काढावा लागतो, जबान्या पडताळाव्या लागतात आणि शेवटी आपला निष्कर्ष स्वतःच मांडावा लागतो, असेच खेळ मी खेळतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ सुरू केला. लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने तयार केलेला हा खेळ २०१८ साली आला. १८०२ साली निघालेले आणि पुढे बेपत्ता झालेले एक जहाज १८०७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागते, पण त्यावर जिवंत माणूस एकही नसतो. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक असतो, आणि जहाजावरच्या ६० जणांपैकी कोण, कसा आणि कोणामुळे मेला हे एका वहीत नोंदवणे हे आपले काम असते. हाती एक जादूचे घड्याळ असते. मृतदेहाजवळ ते उघडले की आधी अंधारात काही क्षण आवाज ऐकू येतात आणि मग मृत्यूचा तो एक क्षण गोठून समोर उभा राहतो, त्यात आपण फिरून प्रत्येकाचा चेहरा पाहू शकतो.

बारा नावे लागली होती आणि पाऊस आला. त्यानंतर २३ दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. उघडला तेव्हा पडद्यावर एक दाढीवाला माणूस दोर धरून उभा होता, आणि त्याला मी शेवटच्या रात्री इतका वेळ का न्याहाळत होतो, हे काही केल्या आठवेना. खेळाने माझी जागा सांभाळून ठेवली होती, पण माझा संशय सांभाळला नव्हता. तासभर इकडेतिकडे फिरून मी तो बंद केला आणि वर्षभर पुन्हा हात लावला नाही.

या मे महिन्यात मी पहिल्यापासून सुरुवात केली, पण यावेळी उधारीसाठी आणतो तसले दोनशे पानी रजिस्टर सोबत घेतले. डाव्या पानावर मी डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले तेवढेच लिहितो आणि उजव्या पानावर माझा कयास लिहितो. खेळ बंद करण्यापूर्वीची शेवटची पाच मिनिटे लिखाणासाठीच राखून ठेवतो, आणि त्यात तीनच गोष्टी लिहितो: आत्ता कोणावर संशय आहे, का आहे, आणि पुढच्या वेळी सर्वांत आधी काय तपासायचे आहे. आज २७ नावे पक्की आहेत. गेल्या दहा दिवसांत दोनदाच, तेही अर्धा-अर्धा तास बसलो, तरी धागा तुटलेला नाही.

या वहीमुळे माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. या प्रकारच्या खेळात हाताचे काम थोडे आणि डोक्याचे काम फार असते, आणि डोक्याच्या कामाला लॅपटॉप लागत नाही. परवा डवऱ्यामागे, म्हणजे बैलांच्या कोळप्यामागे, चालत असताना, तिसऱ्या ओळीच्या सुमारास, एकदम लक्षात आले की ज्याला मी साधा खलाशी समजत होतो त्याचे कपडे बाकी खलाशांसारखे नव्हतेच. ओळ संपवून धुऱ्यावर आलो आणि फोनमध्ये तेवढे एक वाक्य लिहून ठेवले. रात्री खेळ उघडल्यावर दहा मिनिटांत ते नाव लागले. म्हणून मला असे वाटू लागले आहे की ज्याला सलग वेळ मिळत नाही, त्याच्यासाठी रहस्यशोधाचा खेळ हा सर्वांत सोयीचा प्रकार असू शकतो, मात्र तो अर्ध्यावर नेमका कुठे आणि कसा ठेवायचा हे जमले पाहिजे.

तुम्ही हे कसे जमवता? कोणते खेळ थोड्या-थोड्या वेळात खेळता येतात आणि कोणते येत नाहीत? उत्तर देताना कोणत्याही खेळातील गुन्हेगाराचे नाव कृपया उघड करू नये.

निशिगंधा | २८ जून, दुपारी २:१५

धागा काढल्याबद्दल आभार, भाऊ. मी अमरावती जिल्ह्यात एका उपकेंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे वेळ कमी असतो यापेक्षा वेळ केव्हा तुटेल हे कळत नाही, हीच मोठी अडचण आहे. रात्री साडेनऊला पाय पसरून बसावे आणि पावणेदहाला कोणीतरी बंडीतून किंवा ऑटोतून कळा सुरू झालेली बाई घेऊन यावे, असे नेहमीच होते. त्यामुळे शेवटची पाच मिनिटे लिहिण्यासाठी राखून ठेवायची तुमची पद्धत मला पाळता येत नाही, कारण शेवटची पाच मिनिटे कोणती हे मला आधी ठाऊकच नसते.

माझ्यासाठी ‘एस अॅटर्नी’ मालिका सोयीची ठरली. शू ताकुमी यांनी रचलेला हा खेळ जपानमध्ये २००१ साली हातात धरायच्या गेम बॉय अॅडव्हान्स यंत्रासाठी आला, आणि आता पहिले तीन भाग एकत्र फोनवरही मिळतात. आपण बचाव पक्षाचे वकील असतो. साक्षीदार जबानी देतो, ती वाक्यावाक्याने पुढे सरकते, आणि जिथे त्याचे बोलणे पुराव्याशी विसंगत वाटते तिथे तो पुरावा त्याच्यासमोर ठेवायचा असतो. सगळे वाचायचे असते, धावायचे काही नसते. फोन ओट्यावर पालथा ठेवून निघून गेले तरी परत येईपर्यंत साक्षीदार त्याच वाक्यावर थांबलेला असतो, आणि हवे तिथे सेव्ह करता येते.

यात पुराव्यांची आणि माणसांची यादी खेळातच असते. चार दिवसांनी परत आले की मी पुढे काही न दाबता आधी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचते. प्रत्येक वस्तूखाली ती कुठे सापडली आणि तिचे महत्त्व काय हे दोन-तीन ओळींत लिहिलेले असते, त्यामुळे वही नसली तरी चालते. पहिला खटला तासाभरात संपतो, पण पुढचे खटले बरेच लांबतात आणि एकेका खटल्याला मला दोन-तीन आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

मुक्कामी गाडी | २८ जून, रात्री ९:०५

मी एसटीत वाहक आहे. आठवड्यातील तीन रात्री आमची गाडी चंद्रपूर जिल्ह्यातील एका आडगावी मुक्कामी असते. संध्याकाळी साडेसातला गाडी लागते, जेवण आटोपले की साडेआठ ते दहा हा वेळ माझा, आणि पहाटे साडेपाचला गाडी सुटते. गावात रेंज येत-जात असते, म्हणून मी जो खेळ निवडतो त्याची पहिली अट ही की तो एकदा उतरवून घेतल्यावर नेटशिवाय चालला पाहिजे.

मी ‘हर स्टोरी’ याच मुक्कामांवर पूर्ण केला. सॅम बार्लो यांचा हा खेळ २०१५ सालचा आहे. १९९४ साली पोलिसांनी एका स्त्रीची चौकशी केली, तिचे चित्रीकरण लहान-लहान तुकड्यांत एका जुन्या संगणकात साठवलेले आहे, आणि आपण शब्द टाइप करून त्यातील तुकडे शोधायचे असतात. खेळ उघडतो तेव्हा शोधाच्या चौकटीत ‘मर्डर’ हा शब्द आधीच लिहिलेला असतो. एखादा शब्द पन्नास तुकड्यांत आला असला तरी पडद्यावर पहिले पाचच दिसतात, त्यामुळे तिच्या बोलण्यातून नेमका शब्द पकडून पुढचा शोध घ्यावा लागतो. काही तुकडे जेमतेम काही सेकंदांचे आहेत, त्यामुळे मध्येच उठावे लागले तरी मोठे नुकसान होत नाही.

मी तिकिटांच्या जुन्या हिशेबाच्या कागदामागे न शोधलेले शब्द लिहून ठेवत असे. पुढच्या मुक्कामापर्यंत तो कागद खिशात असायचा, आणि दिवसभर प्रवाशांना तिकिटे देताना मध्येच आणखी एखादा शब्द सुचायचा. डवऱ्यामागच्या तुमच्या अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. एक सूचना मात्र करतो: हा खेळ हेडफोन लावूनच खेळावा, कारण तिच्या आवाजातील चढउतारातही बरेच काही दडलेले आहे.

खडू-फळा | २९ जून, सकाळी ७:५०

मला वरच्या मतांशी थोडे असहमत व्हायचे आहे. मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. खेळाचे तुकडे करून तो ‘बसवता’ येतो हे खरे, पण तसे केल्याने त्यातील वातावरण हरवते, अशी माझी प्रामाणिक भावना आहे. ‘डिस्को एलिसियम’ हा २०१९ सालचा खेळ घ्या. एक पोलीस अधिकारी स्वतःची स्मृती हरवलेल्या अवस्थेत जागा होतो आणि त्याला एका खुनाचा तपास करायचा असतो. त्यात दहा लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर आहे, आणि त्या शहराचे राजकारण, तिथली हरलेली माणसे, त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात परस्परांशी भांडणारे आवाज हे सारे मनात मुरायला सलग वेळ द्यावा लागतो. मी तो जून-जुलैत वीस-वीस मिनिटे खेळून पाहिला आणि मला तो कंटाळवाणा वाटला. तोच खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तीन तास खेळलो, तेव्हा त्यातील संवाद शाळेच्या वाटेवरही माझ्यासोबत असायचे.

त्यामुळे माझे मत असे आहे की मोठ्या खेळांसाठी वर्षातील एक काळ राखून ठेवावा. आपल्याकडे होळीनंतर रोहिण्या लागेपर्यंत शेतीच्या कामांना थोडी उसंत असते. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लॅपटॉप तापून बंद पडतो, म्हणून मी पहाटे चार ते सात या वेळात, गच्चीवर, कूलरशिवाय खेळतो. ‘एल. ए. नॉयर’ हा २०११ सालचा खेळही मी असाच पूर्ण केला. १९४७ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये तो घडतो, आणि अभिनेत्यांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपलेले असल्यामुळे संशयिताची नजर व ओठांची हालचाल पाहून तो खोटे बोलतो का हे ठरवायचे असते. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री अकराला असे चेहरे वाचू नयेत. मी थकलेल्या डोळ्यांनी घेतलेले जवळजवळ सगळे अंदाज चुकले.

कोरडवाहू | २९ जून, रात्री १०:२०

सर, तुमचे म्हणणे मला पटते, पण पूर्णपणे पटत नाही. उन्हाळ्यात उसंत असते ती ज्यांचे फक्त शेत आहे त्यांना. माझ्या दुकानात मे महिन्यातच कंपन्यांचा माल उतरतो आणि कपाशीच्या बियाण्यासाठी विचारणा सुरू होते. ज्याचा वर्षातील एकही महिना रिकामा नाही, त्याने मोठा खेळ कधीच खेळू नये का? तुम्ही उल्लेख केलेल्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये घड्याळ आपण बोलतो किंवा वाचतो तेव्हाच पुढे सरकते, नुसते चालत राहिलो तर वेळ जात नाही. म्हणजे खेळ स्वतः घाई करत नाही. मला वाटते, त्याचा एक संवाद म्हणजे एक बैठक असे धरले, तर तोही माझ्यासारख्याला खेळता येईल. दिवाळीनंतर मी तसा प्रयत्न करून इथेच कळवीन.

निशिगंधाताई, तुमची अडचण खरोखर वेगळी आहे. बैठकीच्या शेवटी लिहिणे शक्य नसेल तर सुरुवातीला लिहून पाहता येईल का? खेळ उघडताच ‘आज काय तपासणार’ हे एका ओळीत लिहून ठेवले, की मध्येच उठावे लागले तरी निदान हेतू तरी कागदावर राहतो.

निशिगंधा | ३० जून, दुपारी १:३०

ही सूचना चांगली आहे. आजपासून तसेच करून पाहते.

सातबारा | ६ जुलै, रात्री ८:४५

धागा उशिरा पाहिला. मी तलाठी आहे आणि पावसाळ्यात माझे निम्मे आयुष्य नुकसानीच्या पंचनाम्यांत जाते. कोरडवाहू यांनी पाहिलेले आणि कयास वेगळ्या पानांवर लिहिण्याची जी रीत सांगितली, ती वाचून आनंद झाला, कारण पंचनाम्याचा पाया तोच आहे. त्यात माझी एक भर आहे: चतुःसीमा लिहा.

गोठलेल्या दृश्याचे खेळ खेळताना मी प्रत्येक दृश्याचा हातनकाशा काढतो. मधोमध मृत व्यक्तीसाठी फुली, तिच्या चारही बाजूंना कोण उभे होते, कोणाचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि दार कुठे होते, एवढे काढायला दोन मिनिटे पुरतात. शब्दांत लिहिलेली नोंद आठ दिवसांनी वाचताना डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, पण नकाशा पाहिला की दृश्य लगेच परत येते. ‘ओब्रा डिन’ खेळताना दोन दृश्यांच्या नकाशांवर एकच जोडी शेजारी-शेजारी दिसली, तेव्हा ती माणसे एकमेकांची कोण असावीत याचा अंदाज मला कागदावरूनच आला होता.

ज्यांना एका बैठकीत एक प्रकरण संपवायचे आहे, त्यांनी ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ जरूर खेळावा. लॅटव्हियातील दोन भावांनी तयार केलेला हा खेळ २०२२ साली आला. अठराव्या शतकातील एका सोन्याच्या मूर्तीभोवती एकामागून एक मृत्यू होतात, आणि प्रत्येक मृत्यूचे एक वेगळे, जवळजवळ स्थिर असे चित्र आपल्यापुढे येते. माणसांचे खिसे, पत्रे, टेबलावरच्या वस्तू तपासत आपण नावे व शब्द गोळा करायचे आणि मग शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नासारखे निवेदन पूर्ण करायचे. सुरुवातीची प्रकरणे माझी अर्ध्या-पाऊण तासात झाली, पुढची मोठी आहेत. कोणता शब्द चुकला हे खेळ सांगत नाही, फक्त चुका दोन किंवा त्याहून कमी उरल्या असतील तर तेवढे कळवतो. त्या क्षणी घाई असलेल्या माणसाला शब्द अदलून-बदलून उत्तर लावून टाकण्याचा मोह होतो. तो मोह टाळून खेळ बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. मी एका प्रकरणात शब्द अदलाबदल करून पुढे गेलो आणि त्याची मला आजही खंत आहे, कारण पुढच्या दोन प्रकरणांचा आधार त्याच गोष्टीत होता आणि ती मला समजलेलीच नव्हती.

रेंज नाही | ७ जुलै, सकाळी ६:५५

माझा लॅपटॉप आठ वर्षे जुना आहे आणि नेट फोनच्या रोजच्या दीड जीबीचेच आहे. यातील कोणते खेळ चालतील? इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, तेही लक्षात घेऊन सांगावे.

कोरडवाहू | ७ जुलै, रात्री ९:३०

‘ओब्रा डिन’ आणि ‘हर स्टोरी’ यांना साधारण दोन जीबी जागा लागते, म्हणजे दोन दिवसांच्या नेटमध्ये काम होते. उतरवणे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करता येते. ‘एल. ए. नॉयर’सारखे खेळ पंधरा जीबीच्या पुढे जातात, ते तालुक्याला वायफाय असलेल्या नातेवाइकांकडे लॅपटॉप नेऊन उतरवावेत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत पैसे भरता येतात, आणि खरेदीपासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणून जुन्या लॅपटॉपवर तो चालतो की नाही हे घेतल्या दिवशीच पाहून घ्यावे, पेरणी संपण्याची वाट पाहू नये. माझे दोनशे रुपये तेवढ्याच कारणाने गेले आहेत.

इंग्रजीच्या बाबतीत ‘ओब्रा डिन’ सर्वांत सोपा जाईल, कारण त्यात संवाद थोडे आणि पाहणे जास्त आहे. ‘एस अॅटर्नी’ आणि ‘डिस्को एलिसियम’ तूर्त बाजूला ठेवा.

पळसफूल | २० जुलै, दुपारी ३:१०

इंग्रजीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरी खेळायला मी आणि माझी आठवीतली मुलगी अशा दोघी बसतो. ती पडद्यावरचे इंग्रजी मोठ्याने वाचते आणि लगेच मराठीत सांगते, मी स्वयंपाक करता करता ऐकते आणि प्रश्न विचारते. भाकरी थापताना ‘तो माणूस आला तेव्हा दिवा लावलेला होता का, पुन्हा बघ बरं’ असे मी म्हणाले की ती मागे जाऊन पाहते. त्यामुळे खेळासाठी वेगळा वेळ काढावाच लागत नाही, तो स्वयंपाकाच्या वेळातच बसतो. शिवाय मध्ये चार दिवस खंड पडला तर एकीला जे आठवत नाही ते दुसरीला आठवते.

मुलांसोबत खेळायचे असेल तर ‘प्रोफेसर लेटन’ मालिकेतील पहिला खेळ सुचवीन. तो २००७ सालचा आहे आणि फोनवर मिळतो. एका विचित्र गावात प्रोफेसर आणि त्यांचा लहान सोबती येतात, आणि गावातला प्रत्येक माणूस काही सांगण्याआधी एक कोडे घालतो. कोडी पाच-दहा मिनिटांची असतात, काड्यापेटीच्या काड्यांची, वजनकाट्याची, नदी ओलांडण्याची. आमच्या सासूबाईंनी नदी ओलांडण्याचे कोडे पडद्याकडे न पाहता सोडवले, कारण वाघ, शेळी आणि चाऱ्याचे कोडे त्यांना लहानपणापासून पाठ होते.

जुना संगणक | १८ सप्टेंबर, रात्री ११:२५

पोळा झाला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या आहेत आणि रानडुकरांमुळे सध्या मी जागलीवर आहे. मचाणावर फोनवर हा धागा सलग वाचून काढला. मी या प्रकारचे खेळ वीस वर्षांपासून खेळतो, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वहीबद्दल. १९८२ साली इन्फोकॉम या कंपनीचा ‘डेडलाइन’ नावाचा निव्वळ मजकुराचा खेळ आला होता. एका श्रीमंत माणसाच्या मृत्यूचा तपास बारा तासांत करायचा होता. सगळी माहिती त्या काळच्या फ्लॉपीवर मावत नव्हती, म्हणून खेळाच्या पाकिटात जबान्यांचे कागद, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र आणि गोळ्यांची पुडीसुद्धा खऱ्या स्वरूपात दिलेली होती. पुढच्याच वर्षी जपानमध्ये युजी होरी यांचा ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा खेळ आला. सांगायचे तात्पर्य एवढेच की तपासाचे खेळ सुरुवातीपासूनच कागदासह खेळले जात आले आहेत. वही घेऊन बसण्यात काही कमीपणा आहे असे नवख्यांनी मानू नये.

दुसरी गोष्ट अडकण्याबद्दल, जिच्यावर इथे अजून कोणी लिहिलेले नाही. ज्याच्या हाती आठवड्याला दोन तास आहेत, त्याने एका कोड्यावर ते दोन्ही तास घालवावेत का? मी ‘ब्रोकन स्वोर्ड’ हा १९९६ सालचा खेळ खेळत होतो. पॅरिसमधील एका कॅफेत स्फोट होतो आणि तिथून नायक युरोपभर माग काढत फिरतो. त्यात आयर्लंडमधील एका पडक्या किल्ल्याजवळ एक शेळी आहे. ती वाट अडवते आणि जवळ गेले की शिंग मारून पाडते. त्या शेळीपाशी मी तीन आठवडे अडकलो. उपाय वस्तूंत नव्हता, नेमक्या क्षणी हालचाल करण्यात होता, आणि ती बाकीच्या खेळाची रीतच नसल्यामुळे मला सुचणे शक्य नव्हते. जगभरातले खेळाडू त्याच शेळीपाशी अडकले होते हे नंतर कळले.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. एका जागी दोन बैठका गेल्या की तिसऱ्या बैठकीत मदत घ्यायची, पण पूर्ण उत्तर वाचायचे नाही. ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ नावाची १९८८ पासून चालत आलेली सोय आहे. तिच्यात आपला प्रश्न निवडला की आधी अगदी पुसट इशारा मिळतो, मग थोडा स्पष्ट, आणि उत्तर सर्वांत शेवटी. मी पहिला इशारा वाचून थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. चित्रफितीतले उत्तर पाहू नये, कारण आपल्याला हवे ते कोडे संपून पुढची चार कोडीही त्यात दिसून जातात.

जाता जाता, टेबलावरचा संगणक वापरणाऱ्यांना एक विनंती. जुने खेळ स्वतःहून सेव्ह होत नाहीत. त्याच ‘ब्रोकन स्वोर्ड’मध्ये शेळी ओलांडल्यानंतरच्या रात्री लाइन गेली आणि मी सेव्ह केलेले नव्हते. बॅटरीचा लॅपटॉप नसेल तर प्रत्येक नव्या ठिकाणी पोहोचताच आधी सेव्ह करा.

खडू-फळा | १९ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

पळसफूल आणि जुना संगणक यांचे प्रतिसाद वाचून माझे मत काहीसे बदलले आहे. सलग वेळ मिळाला तरच खेळ रंगतो हे मी माझ्या एकट्याच्या अनुभवावरून म्हणत होतो. मागच्या महिन्यात ‘शेरलॉक होम्स: क्राइम्स अँड पनिशमेंट्स’ हा २०१४ सालचा खेळ घेतला. युक्रेनमधील फ्रॉगवेअर्स या कंपनीच्या या खेळात सहा स्वतंत्र प्रकरणे आहेत. दर रविवारी दुपारी एक प्रकरण किंवा त्याचा अर्धा भाग, असे चार रविवार झाले. सापडलेले मुद्दे जोडून आपण निष्कर्ष काढतो, आणि आरोप चुकीच्या माणसावर ठेवला तरी खेळ अडवत नाही, पुढे जाऊ देतो. त्यामुळे मला आता रविवारी निर्णय घेण्याऐवजी सोमवार ते शनिवार विचार करून पुढच्या रविवारी निर्णय घेण्याची सवय लागली आहे. प्रकरण संपूर्ण असले की आठवड्याचा खंड पडूनही वातावरण टिकते, हे मी मान्य करतो. ‘डिस्को एलिसियम’बद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

निशिगंधा | २ ऑक्टोबर, रात्री १०:००

सुरुवातीला एक ओळ लिहिण्याची सवय लागली आहे. तीन महिन्यांत दोन खटले संपले. एकदा ‘घड्याळाची वेळ साक्षीदाराला विचारणे’ एवढेच लिहिले होते आणि तेवढ्यात उठावे लागले. अकरा दिवसांनी परत आले, ती ओळ वाचली, आणि त्याच प्रश्नावर साक्षीदार अडखळला.

कोरडवाहू | ११ नोव्हेंबर, रात्री ११:१०

सोयाबीनची सोंगणी झाली, दिवाळी झाली आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला. सगळ्यांचे प्रतिसाद वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले आहेत. सातबारा यांच्या सांगण्याप्रमाणे ऑगस्टपासून मी प्रत्येक दृश्याचा हातनकाशा काढू लागलो, आणि त्या नकाशांमुळेच निदान सहा नावे लागली.

आज ५१ नावे पक्की आहेत. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ‘ओब्रा डिन’मध्ये तीन जणांची नावे व मृत्यू अचूक नोंदवले की मगच ती तिन्ही पक्की होतात, एकेकट्याने होत नाहीत. ही रचना माझ्यासारख्यासाठी फार मोलाची ठरली, कारण मी एक बैठक म्हणजे तीन नावे असे मोजू लागलो. तीन जमली तर उत्तम, दोनच जमली तर तिसऱ्याचा शोध पुढच्या बैठकीपर्यंत डोक्यात चालू राहतो. ‘डिस्को एलिसियम’ मी अजून सुरू केलेला नाही, सर. हा पूर्ण झाल्याशिवाय करणार नाही.

आज दुकान लवकर बंद केले आणि पाऊण तास बसलो. दोन नावांची खात्री आहे. तिसरा माणूस तीन वेगवेगळ्या नकाशांवर आहे, प्रत्येक वेळी एकाच अधिकाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि यादीत त्या अधिकाऱ्याचे मदतनीस म्हणून दोघांची नावे आहेत. उद्या सकाळी सातला वेचणीला अकरा बाया येणार आहेत आणि काटा मला धरायचा आहे, म्हणून उजव्या पानावर ‘दोघांपैकी कोण, बूट पाहणे’ एवढे लिहून आत्ता बंद करतो आहे.